परातीतला पाणकोट

ऑक्टोबरात भात कापणीला येतं, पाऊस काढता पाय घेतो आणि अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या अंगणांत मातीचे ढीग दिसू लागतात. खाली विटांचे तुकडे आणि दगडगोटे, वर जुनं गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप आणि लेपात पेरलेले अळीव. चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज, वाटेवर मावळे, पायथ्याला विहीर आणि कुठल्या तरी गुहेत वाघ. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि वाघ दरवाज्यातून आत शिरूच शकणार नाही एवढा मोठा असतो. त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

दिवाळीचा किल्ला ही महाराष्ट्राची आपली लघुवास्तुकला. पण घाटावरचा किल्ला आणि किनाऱ्यावरचा किल्ला यांत एक फरक पडतो. घाटावरच्या मुलांपुढे राजगड, सिंहगड, तोरणा असे डोंगरी किल्ले असतात. तिथे खरी मेहनत डोंगराची. तट म्हणजे मातीवर बोटाने ओढलेली एक वळकटी. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मात्र नजरेसमोर कुलाबा, खांदेरी, उंदेरी, पद्मदुर्ग आणि जंजिरा उभे असतात. पाणकोट. तिथे लपायला डोंगर नाही. बेट सपाट किंवा बेताचंच उंच, भोवती पाणी, आणि मधे जे काही दिसतं तो तट. म्हणजे दगडावर दगड. असा किल्ला मातीचा गोळा थापून करता येतो, पण तो ओळखू येत नाही. ओळखू यायचा तर एकेक दगड वेगळा दिसला पाहिजे, आणि तिथून चिमुकल्या विटांचा नाद सुरू होतो.

जगात हा नाद जुना आहे आणि त्याचा चांगला धंदाही झालेला आहे. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या रुडोल्श्टाट गावी फ्रीडरिश आडोल्फ रिश्टर यांनी ‘अँकर’ नावाचे दगडी ठोकळे विकायला काढले. वाळू, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल यांच्या मिश्रणातून दाबून काढलेले हे ठोकळे तीन रंगांत यायचे: विटेचा लाल, चुनखडीचा पिवळसर आणि पाटीच्या दगडाचा निळा. मूळ कल्पना ओटो आणि गुस्ताव लिलिएनथाल या भावांची. यातले ओटो म्हणजे ग्लायडरवर उडण्याचे प्रयोग करणारे, विमानविद्येच्या इतिहासातले प्रसिद्ध लिलिएनथाल. या ठोकळ्यांना खाचा नव्हत्या, खुंट्या नव्हत्या. ते उभे राहायचे ते निव्वळ वजनावर.

खुंट्या आल्या त्या डेन्मार्कच्या लेगोमुळे. आज ओळखीची असलेली, आत नळ्या असलेली वीट तिथे २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदली गेली आणि १९७८ मध्ये कंपनीने मध्ययुगीन किल्ल्याचा पिवळा संच बाजारात आणला. याशिवाय स्पेनमध्ये आणि जर्मनीत खऱ्या भाजलेल्या मातीच्या बारीक विटांचे संच मिळतात. त्यातून चर्च, पूल, बुरूज बांधायचे. जर्मनीच्या ‘टायफॉक’ संचातला सांधायचा मसाला वाळू आणि मक्याच्या पिठाचा असतो. बांधलेलं घर नको झालं की पाण्यात भिजत घालायचं. मसाला विरघळतो, विटा परत डब्यात.

लेगोचा किल्ला देखणा होतो, पण तो जरा जास्तच आज्ञाधारक असतो. वीट टक् करून बसली की बसली. कमान हवी तर कमानीचा अख्खा तुकडाच मिळतो. साध्या, बिनखुंटीच्या विटेला असं काही माहीत नसतं. ती घसरते, कलते, पडते. आणि ती का पडली याचा विचार करताना बांधणाऱ्याला तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटापुढचे प्रश्न पडू लागतात. म्हणून किल्ला कळून घ्यायचा असेल तर बिनखुंटीची वीट बरी.

ती घरीही होते. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतींच्या कारखान्यांमुळे शाडू हा शब्द या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. गुजरातेतून येणारी ही माती मऊसूत, पण न भाजलेली शाडूची वीट पाण्यात विरते. टिकाऊ विटेसाठी कुंभाराची माती घ्यावी. एक सेंटिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या समांतर ठेवून मधे माती लाटायची, पट्टी लावून सुरीने दोन बाय एक सेंटिमीटरचे तुकडे कापायचे. वाळताना माती आक्रसते, म्हणून आधी चार नमुने करून किती आक्रसली ते मोजायचं आणि तेवढा वाव धरून कापायचं. सावलीत, उलटसुलट करत वाळवलं तर विटा वाकत नाहीत. मग कुंभाराच्या भट्टीत, मडक्यांच्या बेचक्यात त्यांना जागा मिळाली तर उत्तम. थर्मोकोलचे ठोकळे कापणं सोपं असायचं खरं, पण २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्मोकोलही गेलं. त्याचं फार दुःख करायचं कारण नाही. वजन नसलेल्या ठोकळ्याचा तट फुंकरीनेही पडतो.

किती विटा लागतात? अर्धा मीटर लांब आणि सोळा सेंटिमीटर उंच भिंतीच्या नुसत्या दर्शनी बाजूला चारशे. तट दुहेरी केला तर आठशे. इथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो आणि ते प्रमाणाचा विचार करायला लागतात, जो खरं तर आधी करायला हवा होता.

अलिबागसमोरचा कुलाबा घ्या. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये तो बांधायला घेतला. त्याच वर्षी महाराज गेले आणि काम संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरं झालं. पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. बुरूज सतरा, उत्तर-दक्षिण लांबी साधारण २७० मीटर. शंभरास एक हे प्रमाण धरलं तर प्रतिकृती पावणेतीन मीटरच्या आसपास जाते, म्हणजे अंगणात बाकी काही मावणार नाही. सहाशेस एक धरलं तर लांबी ४५ सेंटिमीटर. मोठ्या परातीत आरामात बसते. पण मग साठ सेंटिमीटरचा दगड एक मिलिमीटरचा होतो आणि वीट हा प्रकारच संपतो. तट पुन्हा मातीची वळकटी.

सहाशेस एक हा आकडा हवेतला नाही. १६६८ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या युद्धमंत्र्याने, लुव्होआने, सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या प्रतिकृती बनवून घ्यायला सुरुवात केली, त्या याच प्रमाणात. लाकूड, कागद, वाळू, रेशीम वापरून केलेल्या या प्रतिकृतींत तटाबाहेरची शेतं आणि झाडंसुद्धा दाखवलेली असत, कारण तोफ कुठून डागता येईल हे राजाला पॅरिसमध्ये बसून बघायचं होतं. शत्रूला दिसू नयेत म्हणून त्या बंदोबस्तात ठेवल्या जात. आज त्यांतल्या अनेक पॅरिसच्या अँव्हालीद इमारतीतल्या संग्रहालयात आहेत. इकडे त्याच सुमारास, आग्र्याहून सुटून दोनच वर्षं झालेले महाराज पुढच्या मोहिमांची तयारी करत होते.

सेनापतीला सहाशेस एक पुरतं. गवंड्याला नाही. त्याच्यासाठी पन्नासास एक बरं, आणि अख्खा किल्ला न करता महाद्वार आणि त्याच्या दोन्ही अंगांचे बुरूज एवढंच करावं. आठ मीटरचा तट सोळा सेंटिमीटरचा होतो, साठ सेंटिमीटरचा चिरा बारा मिलिमीटरचा. बोटाच्या चिमटीत धरता येतो, डोळ्याला दिसतो, आणि चर्या (तटमाथ्यावरचे दाते), जंग्या (माऱ्याची भोकं), फांजी (तटावरची चालायची वाट), देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या) हे सगळं नावानिशी करता येतं.

पहिला धडा सांधमोडीचा. खालच्या दोन विटांचा सांधा वरच्या विटेच्या मध्यावर आला पाहिजे. हे प्रत्येक गवंड्याला येतं आणि प्रत्येक मूल सुरुवातीला चुकवतं. सांध्यावर सांधा ठेवत गेलं तर भिंतीत उभी चीर आपणच बांधत असतो. दुसरा धडा जोडाचा. बाहेरची आणि आतली अशा दोन भिंती नुसत्या शेजारी उभ्या केल्या तर त्या वेगवेगळ्या दिशांना फाकतात. अधूनमधून एखादी वीट आडवी, दोन्ही भिंतींत शिरेल अशी घालावी लागते. खऱ्या तटातले लांब चिरे असेच आत पोचलेले असतात, म्हणून दर्शनी दगडाच्या आकारावरून त्याची खोली कळत नाही.

तिसरा धडा गोलाईचा आणि तो सगळ्यांत छळतो. जंजिऱ्याला एकोणीस बुरूज सांगतात. त्यांतला एखादा बारा मीटर व्यासाचा धरला तर पन्नासास एक प्रमाणात तो चोवीस सेंटिमीटरचा होतो. त्याचा बाहेरचा घेर सुमारे ७५ सेंटिमीटर, एक सेंटिमीटर आतला घेर ६९. एका थरात ३७ विटा बसतात आणि प्रत्येक वीट आतल्या तोंडाला सुमारे पावणेदोन मिलिमीटर निमुळती करावी लागते. नाही केली तर बाहेरून पाचरीसारख्या फटी दिसतात. चार थर घासून होईपर्यंत बोटं सोलवटतात, आणि मुरूडच्या खडकावर छिन्नी-हातोड्याने हेच काम खऱ्या काळ्या दगडात कोणी केलं असेल याचा अंदाज यायला लागतो.

जंजिऱ्याची दुसरी गंमत त्याच्या दरवाज्यात आहे. राजपुरीहून शिडाची होडी निघते आणि बराच वेळ समोर फक्त तट दिसत राहतो. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा उघड होतो. प्रतिकृती वरून बघितली तर हे कौशल्य कळत नाही. दरवाजा कुठे आहे ते ढळढळीत दिसतं. परात टेबलावर ठेवून डोळा तिच्या काठाशी आणला तरच जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दीच्या किल्ल्याने पाहुण्याचं स्वागत कसं केलं असेल ते समजतं. प्रतिकृती ठेवायची उंची ठरवणं हाही बांधकामाचाच भाग, हे प्रदर्शनं भरवणारे बरेचदा विसरतात आणि सगळं गुडघ्याइतक्या उंचीवर मांडतात.

कमानीला मात्र कितीही जागा दिली तरी थोडी. महाद्वाराची कमान बांधायला आधी खाली आधार लागतो. मोठ्या कामावर लाकडी साचा, छोट्या कामावर पुठ्ठ्याची नळी किंवा कापलेली बाटली. त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे दगड चढवत आणायचे आणि माथ्यावरचा शेवटचा दगड बसवला की साचा हळूच ओढून घ्यायचा. मसाला न लावता हे जमलं तर घरातली मोठी माणसंही दोन मिनिटं खुर्ची सोडून बघायला येतात. पण पायथ्याशी कमानीच्या दोन्ही खांद्यांना पुरेसं वजन नसेल तर ती बाहेरच्या बाजूला फाकून कोसळते. दरवाज्याच्या दोन अंगांना बुरूज असतात ते संरक्षणासाठी, हे शाळेत शिकवतात. ते कमानीचे खांदेही धरून ठेवतात, हे पुठ्ठ्याची नळी काढल्यावर कळतं.

छोट्या विटांनी शिकलेलं हे मोठ्या दगडांना लागू पडतं का? बव्हंशी पडतं, आणि त्यामागे कारण आहे. लाकडाची तुळई लहान प्रतिकृतीत ताठ राहते पण त्याच प्रमाणात मोठी केली की स्वतःच्याच वजनाने वाकते, कारण आकार दुप्पट केला की वजन आठपट होतं आणि तुळईची जाडी कापून दिसणारं क्षेत्र चौपटच. दगडी बांधकामाचं गणित वेगळं. कमानीतला दगड चिरडून मोडावा एवढा दाब त्याच्यावर क्वचितच येतो. ती पडते ती आकार चुकल्यामुळे. आकार बरोबर असेल तर कमान बोटभर असो की दहा मीटर, उभी राहते. म्हणूनच मध्ययुगातले बांधणारे प्रतिकृतींवर विसंबू शकले. १४१८ मध्ये फ्लॉरेन्सच्या घुमटासाठी फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने विटांचीच प्रतिकृती बांधून दाखवली होती. साच्याशिवाय घुमट उभा राहू शकतो हे त्याला परीक्षकांपुढे सिद्ध करायचं होतं. त्या कामात त्याला मदत करणाऱ्यांत शिल्पकार दोनातेल्लो होता.

पाण्याला हा नियम लागू पडत नाही. परातीतलं पाणी समुद्रासारखं वागत नाही. हाताने लाट काढली तरी ती तटाला चाटून जाते, आदळत नाही. आणि कुलाब्याची सगळी करामत तर लाटेशी आहे. तिथल्या तटात मोठाले चिरे चुन्याशिवाय, एकावर एक नुसते रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर विभागला जातो आणि सलग भिंतीवर बसावा तसा तडाखा बसत नाही. हे परातीत सिद्ध करता येत नाही, पण बांधता येतं. उलट नवख्याला कुलाब्याचाच तट सोयीचा. मैद्याची खळ आणि वाळू कालवून केलेला मसाला पाण्यात विरघळतो, त्यामुळे तसा सांधलेला पाणकोट पाण्यात ठेवताच येत नाही. निळ्या रंगाच्या फळीवर मांडावा लागतो. बिनमसाल्याच्या, भाजलेल्या विटांचा कुलाबा मात्र खुशाल परातीत पाणी भरून उभा करावा. (कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नये, कातडी भाजते.)

याच्या अगदी उलट तऱ्हा पद्मदुर्गाची. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी मुरूडसमोरच्या कासा बेटावर तो उभारला. तिथे सांध्यांत चुना भरपूर वापरला आहे, आणि गेल्या साडेतीनशे वर्षांत खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याने दगड झिजले, चुना तसाच राहिला. दगडांच्या जागी खळगे आणि भोवती चुन्याच्या कडा उठून आलेल्या. तट जवळून मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. रंगाने हा परिणाम साधायला गेलं तर खोटा वाटतो. त्यापेक्षा समुद्राने केलं तेच करावं. न भाजलेल्या विटा घ्याव्यात, सांध्यात प्लास्टर ऑफ पॅरिस भरावं, ते पक्कं झालं की ओल्या ब्रशने भिंत घासत राहावं. वीट विरत जाते, सांधा उभा राहतो. समुद्राला जे करायला शतकं लागली ते एका संध्याकाळीत होतं.

एवढी खटपट कशाला, बाजारात तयार किल्ला मिळतो की, असं म्हणणारे घरोघरी आहेत. मिळतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचा, तपकिरी-हिरवा फवारा मारलेला, बुरूज आणि पायऱ्या एकाच साच्यातून निघालेल्या. पिशवीतून आणायचा, ओट्यावर ठेवायचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना माती मिळत नाही ही अडचण खरी आहे, तिची चेष्टा करू नये. पण त्या किल्ल्याला सांधाच नसतो. तो कशामुळे उभा आहे हा प्रश्न कोणाला पडत नाही. रायगड जिल्ह्यातच, कर्जतजवळ, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या स्टुडिओत राजवाडे आणि तट माणसाच्या मापाचे होते आणि त्यांत दगडाचा पत्ता नव्हता. ते कॅमेऱ्यासाठी होतं, आणि कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. अंगणातल्या किल्ल्यासमोर कॅमेरा नसतो, निदान अलीकडेपर्यंत नसायचा.

विटा झाल्या, कमान उभी राहिली, की शेवटचा वाद सुरू होतो तो कुठल्या सालचा किल्ला करायचा यावर. किल्ले एका दिवसाचे नसतात. कुलाब्यातलं सिद्धिविनायकाचं मंदिर राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं; संभाजी महाराजांच्या काळातला कुलाबा करणाऱ्याने ते वगळायला हवं. तिथे चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, ज्यांच्याशेजारी उभं राहून प्रत्येक सहल फोटो काढते. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ साल आहे, म्हणजे त्या आंग्र्यांची सत्ता संपल्यानंतरच्या. तरीही दिवाळीच्या कुलाब्यावर या तोफा नसल्या तर आजोबा विचारतातच, तोफा कुठायत?

खांदेरीचं आणखी अवघड. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांनी बेटाचा ताबा घेतला आणि मुंबईकर इंग्रजांच्या गलबतांनी वेढा घातलेला असताना बेटावर तट चढत गेला. १८६७ मध्ये तिथे दीपगृह झालं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं त्यांत खांदेरी आहे, त्यामुळे यापुढच्या दिवाळ्यांत तो अंगणात जास्त दिसेल असं धरायला हरकत नाही. दीपगृह ठेवलं तर किल्ला आजचा होतो आणि तट पुरा, पण पडझडीसकट करावा लागतो. दीपगृह काढलं तर १६७९ साल येतं, आणि मग तट अर्धाच बांधावा, उरलेल्या विटा किनाऱ्यावर होडीतून उतरत असलेल्या दाखवाव्यात. विटा कमी पडल्या असतील तर हा दुसरा पर्याय फारच सोयीचा.